नावाडिणीचं मरण

"अहो, राक्षस तिकडे किल्ल्यात बसलाय, गावंच्या गावं जळतायत, आणि तुम्ही कुणाच्या शेळ्या शोधताय?"

टीव्हीवरची नजर न काढता आमचे हे म्हणाले, "गुराख्याला शब्द दिलाय."

शब्द दिलाय म्हणे! मोरीच्या नळाला वॉशर बसवायचा शब्द मलाही दिला होता. जन्मभर या माणसाने लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर हातात व्हिडिओ गेम आला आणि मोकाटच सुटला.

गेम मीच आणला होता, आता बोलणार कुणाला? मी आवाजाचं काम करते, म्हणजे करायचे. पस्तीस वर्षं केलं, पण काय? बाजारातली एक बाई, दाराआडची मोलकरीण, आग लागली की ओरडणाऱ्या घोळक्यातली कुणीतरी. आता घोळक्याचं ओरडणं कॉम्प्युटरच करतो, त्यामुळे स्टुडिओतून फोन येत नाही. जाता जाता मात्र काम मिळालं ते सोन्यासारखं. या गेममधली म्हातारी नावाडीण. ती खेळणाऱ्याला नदीपार सोडते, आणि अगदी शेवटी राक्षसाचा वार स्वतःच्या अंगावर घेऊन खेळणाऱ्याच्याच मांडीवर प्राण सोडते. मरताना चांगलं पानभर बोलते. ते बोलून मी काचेपलीकडे पाहिलं, तर साउंडवाला डोळे पुसत होता. एरवी दगड आहे तो. "बाई, हे परत घ्यायला नको," एवढंच म्हणाला.

हे मरण यांनी ऐकावं, एवढंच माझं मागणं होतं. इतक्या वर्षांत यांनी माझं काम कधी ऐकलंच नाही. ऐकणार तरी कसं? घोळक्यात बायको ओळखायची कशी?

पण शेवट येईल तर शपथ. हे कुणाच्या पाणचक्कीचं छप्पर शाकारत, कुणाच्या हरवलेल्या अंगठीसाठी विहिरीत उतरत. एकदा तर चार दिवस नुसते मासे धरत बसले. मी म्हटलं, ही कसली गोष्ट? संकट दारात आहे म्हणायचं, आणि तुम्हाला सवड होईपर्यंत त्याने बाहेर ताटकळायचं. अशा संकटाला भितंय कोण? आणि मग शेवटी कुणी मेलं तरी तुमचं अर्धं लक्ष शेळ्यांत. जगालाच कुंपण नाही, तर गोष्टीला शेवट कुठून यायचा?

यावर यांचं म्हणणं असं, की कुणीतरी मेहनतीने एवढं मोठं जग केलंय, ते बघायला नको? लिफ्टच्या खोक्यात आयुष्य गेलं, वर नाहीतर खाली. आता जरा आडवं फिरू दे की. राक्षस कुठे पळून जात नाही.

"तेच तर म्हणतेय मी," म्हटलं, आणि सरळ अबोला धरला. तिसऱ्या दिवशी हे वठणीवर आले. सगळं टाकून तडक किल्ल्यावर निघाले.

मी हातातलं काम ठेवून शेजारी बसले. इतकी उठाठेव केल्यामुळे यांच्या तलवारीला अशी काही धार चढली होती, की राक्षस बिचारा तीन घावांत आडवा. पडता पडता त्याने एक वार केला, नावाडीण मध्ये आली, यांच्या मांडीवर कोसळली. मी टीव्हीचा आवाज वाढवला.

"झालं ते झालं. जा आता," नावाडीण म्हणाली आणि मेली.

संगीत सुरू झालं, पडद्यावर नावं सरकायला लागली. हे माझ्याकडे बघत म्हणाले, "पानभर होतं ना?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते मरण माझ्याकडून पाच-सहा तऱ्हांनी बोलून घेतलं होतं. खेळणारा वाटेत काय करून येईल याचा नेम नसतो, म्हणून प्रत्येकाला वेगळं. ही एक ओळ होती ज्यांनी म्हातारीसाठी काहीच केलं नाही त्यांच्यासाठी. शेवटी घाईघाईत उरकली होती.

"तुम्ही हिची मुलगी सोडवली नाहीत?"

"कुठली मुलगी?" म्हणाले, आणि मग त्यांनाच आठवलं. पहिल्यांदा नदी ओलांडतानाच नावाडिणीने सांगितलं होतं, माझी पोर उत्तरेच्या बुरुजात कोंडलीय. "शेळ्या झाल्या की जाणार होतो गं. तूच घाई केलीस."

हे खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. मागे जायचीही सोय नव्हती, यांनी गेममधला आधीचा कुठलाच टप्पा राखून ठेवला नव्हता. मी कुणाकुणावर चिडू? यांच्यावर, स्वतःवर, की ज्यांनी हा गेम केला त्यांच्यावर? दहा जणांना होईल असा सदरा शिवायला गेले, आणि आमच्या वाट्याला नुसती बाही आली.

"तू म्हण ना ते आत्ता," हे हळूच म्हणाले. "मी ऐकतो."

"भाजी चिरता चिरता मरता येत नाही मला," म्हटलं आणि आत गेले. शब्दन्‌शब्द पाठ होता. पण माझ्या नवऱ्यासमोर ती म्हातारी मेली होती, आणि ती तशीच मेली होती. आता मी तोंडी काहीही म्हटलं तरी ते तिचं झालं नसतं. फार वाईट वाटलं मला. आत उभी राहून रडलेही थोडी.

संध्याकाळी यांनी हाक मारली. या गेममध्ये शेवट झाल्यावरही हिंडता येतं म्हणे, घ्या! हे उत्तरेच्या बुरुजात जाऊन कुलूप तोडून उभे होते. आतून एक वाळकी पोर बाहेर आली. उजेडाला डोळे बारीक करत तिने विचारलं, "आई कशी आहे?"

खाली उत्तर निवडायचं होतं. उत्तर एकच होतं. 'तुझी वाट बघतेय.'

मुलीचे संवाद ज्याने लिहिले, त्याच्या ध्यानातच आलं नसणार की कुणी इतक्या उशिरा येईल. हे अंगठा उचलून तसेच बसून राहिले.

"काय सांगू हिला?"

"दुसरं काहीच नाही लिहिलेलं?"

"नाही."

"मग तेच सांगा," मी म्हटलं.

यांनी बटण दाबलं. पोर हसली आणि उतारावरून नदीकडे पळत सुटली. तिला पोचवायला हेही मागोमाग निघाले. मी यांच्या शेजारी टेकले. घाटावर नाव असेल, नावाडीण नसेल, हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. झाडांमधून पाणी दिसायला लागलं.

"अहो," मी म्हटलं, "जरा हळू चला."