जात : आमचीच

प्रदर्शनाच्या मंडपात माईक हातात घेऊन माझ्या सासूचं चारचौघांत हसं केलं, ते तुम्ही. नाव लिहीत नाही. छातीवर लाल बिल्ला लावून टेबलामागं बसला होता, तेवढी ओळख पुरे. आमची कोंबडी उचललीत, छाती दाबून बघितलीत आणि लोकांना सांगितलंत, “हा पक्षी नव्हे, माल आहे.” दाबून बघायला तुम्हाला मिनिट पुरलं. ती उभी कशी राहिली ते ऐकायला मात्र तुम्हाला सवड नव्हती. आता वाचा.

आम्ही उचगावचे. हायवेचं चौपदरीकरण चालू होतं त्या वर्षी ब्रॉयलर कोंबड्यांनी भरलेला टेम्पो आमच्या वळणावर पलटी झाला. ड्रायव्हर फुटक्या काचेतून बाहेर आला, लोकांनी त्याला पाणी पाजलं, आणि मग सगळी गल्ली पोती घेऊन कोंबड्या धरायला धावली. धरायचं काय त्यात? त्या पळतच नव्हत्या. पिंजऱ्याचं दार उघडं पडलेलं, तरी आत बसून. माझी सासू तानाबाई, तिला आम्ही आत्ती म्हणतो, ती सगळ्यांच्या मागून पोचली. कुणीच उचलली नव्हती अशी एक तिच्या वाट्याला आली. एक पंख डांबरानं बरबटलेला, दोन्ही पाय फाकलेले.

सोमवार होता. सोमवारी आमच्या घरात वशाट शिजत नाही, गल्लीतही नाही, म्हणून ती सगळी लूट एक दिवस जिवंत राहिली. मंगळवारी सकाळपासून दारोदार मसाला भाजल्याचा वास सुटला. माझ्या नवऱ्यानं, बाळासोनं, विळीला धार लावली. आत्ती आडवी आली.

“पडल्यालीवर विळी चालवायची न्हाय,” ती म्हणाली. “उभी ऱ्हाऊ दे, मग काप.”

हे शास्त्र तिनं तिथल्या तिथं काढलं होतं. आमच्या घरात आजवर कितीतरी कोंबड्या कापल्या गेल्या, उभं राहायला एकीलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आत्तीनं गोडंतेल चोळून डांबर काढलं, चिकटून बसलेली पिसं कात्रीनं कापली. थोड्या दिवसांनी कोंबडी उभी राहिली. बाळासो विळी घेऊन आला. आत्ती म्हणाली, उभी हाय, पर चालू दे की. चालायला लागली. आत्ती म्हणाली, आता भितीवर उडून बसू दे.

“ती काय इमान हाय व्हय?” बाळासो म्हणाला, आणि विळी ठेवून कामाला निघून गेला.

तिला खाणं तेवढं येत होतं. वाटीपुढं बसली की वाटी रिकामी झाल्याशिवाय उठत नसे, आणि अंग वाढलं तसे पाय परत बसले. आत्तीनं वाटी बंद केली. मूठभर जोंधळे घरामागच्या परड्याच्या पार टोकाला, उकिरड्यापलीकडं टाकायचे. पाहिजे तर चालत जा म्हणायची.

आमच्या गावठी कोंबड्यांनी तिला पहिल्याच दिवशी टोचून रक्तबंबाळ केली. मग आत्तीनं तिला डालग्याखाली झाकून डालगं मधोमध ठेवलं. बांबूच्या फटीतून तिला त्या दिसाव्यात आणि त्यांना ती. आमची चितरी कोंबडी तेव्हा पिल्लं घेऊन फिरत होती. पिल्लं माती उकरायची, ही आतून बघायची. माती तिला नवीन. शेडमध्ये जन्म गेला, पायाखाली भुसा. डालगं काढल्यावर ती पिल्लांच्या मागं मागं जाऊन उभी राहू लागली. एक दिवस पाय उचलून तिनं माती उकरली आणि तोल जाऊन कुशीवर पडली. आत्तीनं मला चुलीपुढून हाक मारून बाहेर बोलावलं. नातवानं पहिलं पाऊल टाकावं तसं तिचं तोंड फुललेलं. कोंबडी परत उठली, परत उकरलं.

बाकीच्या शेवग्यावर चढून झोपायच्या. हिला दोन विटा लावून खालीच जागा केली होती. पुढं म्हातारी काळी कोंबडीही शेवगा सोडून तिच्याशेजारी खाली बसू लागली. मग कुणी टोचेना. पावसाळा संपता संपता पांढरीनं, तिला आता आम्ही हेच म्हणत होतो, पहिलं अंडं घातलं. ते बाळासोला खायला दिलं. त्यानं मुकाट्यानं खाल्लं.

तुमच्या प्रदर्शनात परड्यातल्या कोंबडीला बक्षीस आहे, हे आत्तीला कळलं आणि तिनं हट्टच धरला. बक्षीस नाही मिळालं तरी चालेल, पण चार कोंबड्यांत तिला कोंबडी म्हणून बसवायची. शेजारच्या धोंडुबाईनं विचारलं, “तानाबाय, रस्त्यात कुणी रश्श्याला मागितली तर किती सांगणार?” आत्तीनं तिच्याकडं पाठ केली. पांढरीचे पाय धुऊन, पदराखाली घेऊन निघाली, मागनं मी आणि बाळासो.

मंडपात तुमच्या माणसानं वही उघडली आणि विचारलं, जात? गावठी म्हणा, गिरिराज म्हणा, काहीतरी सांगा.

“आमचीच,” आत्ती म्हणाली.

तो लिहायला थांबला आणि तुम्ही उठून आलात. छाती दाबलीत. माल म्हणालात. मशीनमधून निघतो, आई नाही, जात नाही, सव्वा महिन्यात कापायचा असतो, आजी, घरी जाऊन रस्सा करा. सगळा मंडप हसला.

लोक हसतच होते, तोवर आत्ती वाकली. मग तिनं पांढरीला खाली सोडलं.

बाकीच्या कोंबड्या पिंजऱ्यात होत्या. आमची मोकळी. नववा महिना लागलेल्या बाईसारखी, एकेक पाय ठरवून टाकत ती तुमच्या टेबलापर्यंत गेली. तिथं गहू सांडले होते. तिनं तुमच्या सतरंजीवर पाय रोवला आणि उकरायला लागली. हसणं तिथं थांबलं. माझी मान त्या दिवसाइतकी ताठ माझ्या लग्नातसुद्धा नव्हती. तुम्ही म्हणालात, सतरंजी घाण होतेय, उचला.

उचलली बाळासोनं. पदराखाली नाही, पिशवीत नाही. दोन्ही हातांवर, छातीशी, सगळ्यांना दिसेल अशी. गर्दीतून वाट काढत तो म्हणत होता, “सरका पावणं, कोंबडी हाय.” घरी येईपर्यंत त्यानं ती आत्तीलासुद्धा दिली नाही.

तुमच्या वहीत त्या दिवशी आमची ओळ आली नाही. पांढरी अजून चालते, अजून उकरते. पुढच्या महिन्यात तुमचा मंडप परत उभा राहतोय आणि आत्ती तिला घेऊन येणार आहे. तुमचा माणूस जात विचारेल. आत्ती आमचीच म्हणेल. दुसरं नाव ती घेणार नाही, आम्हीही घेऊ देणार नाही.

लिहून घेणार का नाही? माईकवरून सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.