वस्त्रगाळ अंगारा

दर गुरुवारी होटगीच्या रस्त्याला तोंडं झाकलेल्या पोरींची रांग लागायची. ओढण्या, स्टोल, मास्क. नुसते डोळे उघडे. सोमलिंग महाराज चार दिवसांत मुरुमं घालवतात, अशी आवई सोलापूरभर उठली होती. माझी पुतणी देवयानी आणि तिची आई, म्हणजे आमच्या गोदावरीवहिनी, यांच्यासोबत मीही रांगेत होतो. महापालिकेत तीस वर्षं कारकुनी केल्यामुळे कोणावर चटकन विश्वास ठेवायची सवय मला नाही.

देवयानीच्या गालावर पिकलेल्या, ठणकणाऱ्या गाठी होत्या. एक बसेपर्यंत दुसरी उठे, मागे खड्डा राही. बीएडच्या सराव-पाठाला पाचवीतली पोरं तिच्या चेहऱ्याकडे बोट दाखवून हसली, तेव्हापासून तिने कॉलेज सोडलं होतं. पाठ पुरे झाले नाहीत, तर वर्ष जाणार होतं.

धुनीमागून महाराज गरजले, "पोरी, ही मुरुमं न्हाईत. तुज्या पणजोबाचा राग हाय, गालावर उगवलाय!"

पणजोबांना अख्ख्या घराण्यात राग काढायला हिचेच गाल सापडले!

महाराजांनी बिननावाची डबी दिली. आत पांढरा लेप. "कुनाला दावायचा न्हाय. पावर जाती."

"का जाते?" मी विचारलं.

"लई शंकेखोर दिसतोय की ह्यो! अशानंच लेप बाधतो."

पण चार दिवसांत गाठी खरंच बसल्या. वहिनींनी पेढे वाटले, आणि मला एक जास्तच दिला.

तीन महिन्यांनी महाराज करमाळ्याला गेले आणि डबी संपली. आठवड्यात देवयानीचा चेहरा पेटला आणि पुन्हा सुरू झालेलं कॉलेज परत सुटलं. आधी बरा होता म्हणायची पाळी आली. महाराज परतले, नवी डबी आणि अंगाऱ्याचा पुडा देत म्हणाले, "खंड पडला. आता धुनीचा अंगाराबी लेपात कालवा."

मी देवयानीला नवी पेठेत त्वचेच्या डॉक्टर इफ्रा यांच्याकडे नेलं. त्यांनी गालावरची बारीक लव आणि लाल शिरा पाहिल्या. "लेपात स्टेरॉइड असणार. त्याने सूज दबते, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. कातडी पातळ होते, आणि सोडलं की दुप्पट उसळतं. डबी तपासायला देता का?"

"देवाची वस्तू तपासत नसतात," म्हणत वहिनींनी डबी पदराखाली घेतली.

वहिनी तशा फार नीटनेटक्या. त्यांच्या घरात शिकेकाई असो की अंगारा, वस्त्रगाळ केल्याशिवाय अंगाला लागत नाही. संध्याकाळी त्यांनी जुन्या पातळाचा तुकडा घेतला आणि अंगारा चाळायला बसल्या. राख खाली पडली. फडक्यात कोळशाचे खडे उरले, आणि धातूच्या चार पट्ट्या. दुमडून दाबलेल्या, त्यावर आकडे उठवलेले. शिवाय आटे असलेलं एक गोल तोंड.

देवयानी उठली. कपाटातली भाजल्यावर लावायच्या मलमाची ट्यूब तिने त्याशेजारी ठेवली. शेपटी तीच, तोंड तेच. महाराज ट्यूबा पिळून डब्या भरत होते आणि रिकाम्या ट्यूबा धुनीत जाळत होते.

वहिनींच्या हातातलं फडकं गळून पडलं. "माझ्या हातानं लावलं की गं तुला. रोज, माझ्या हातानं." मला त्यांची थट्टा करायची होती, पण धीर झाला नाही.

डबी तपासणीला गेली. स्टेरॉइडच निघालं. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली. डॉक्टर देवयानीला म्हणाल्या, "लेप थांबवला की काही आठवडे चेहरा आणखी चिघळेल, घाबरू नकोस. मग गोळ्या सुरू करू. बरेच महिने लागतील, मधून मधून रक्त तपासावं लागेल, आणि त्या काळात गर्भ राहता कामा नये. अवघड आहे, पण उपाय आहे."

पुढच्या गुरुवारी देवयानी रांगेसमोर उघड्या तोंडाने उभी राहिली. गाल लाल, सोललेले. "मला बघा. मीपण चार दिवसांत बरी झाले होते. त्याच्या पुढचं महाराज सांगत नाहीत."

"हिची श्रद्धा कमी पडली!" महाराज ओरडले.

"श्रद्धा भरपूर होती, महाराज," वहिनी म्हणाल्या. "अक्कल कमी पडली. ती माझी."

रांगेतल्या निम्म्या पोरी घरी गेल्या. निम्म्या थांबल्या, हेही सांगितलं पाहिजे.

देवयानी सोमवारी तसाच चेहरा घेऊन पाचवीच्या वर्गावर गेली. मुरुमं हा आजार आहे, पाप नव्हे. त्यावर औषध घ्या, पण देणाऱ्याला औषधाचं नाव विचारा. जो नाव सांगत नाही, त्याच्या हातचं गालाला लावू नका.