तिऱ्हाईत

भाचीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. प्राध्यापक जेवायला बसले होते आणि समोरचा व्याही हातातला घास तसाच धरून विचारत होता, "मग, यंदा निवडणुकीत कोण येणार?" त्याच्याआधी नवऱ्या मुलाच्या मामाने तेच विचारलं होतं, आणि त्याच्याआधी फोटोवाल्याने. प्राध्यापकांनी तिघांनाही सांगितलं की अजून अवकाश आहे, वारं फिरू शकतं. तिघेही काहीतरी आतलं कळल्यासारखी मान हलवून पुढे सरकले. प्राध्यापकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते काठी टेकत आले होते, पण त्याबद्दल विचारायचं कुणाला सुचलं नाही. बहीण तेवढी जवळ येऊन म्हणाली, "दादा, पोटभर जेव. घरी कोण वाढणार आहे तुला?" आणि पाहुण्यांकडे पळाली.

घरी खरंच कुणी नव्हतं. लग्न करायचं नाही असं त्यांनी ठरवलं नव्हतं, ते राहून गेलं. आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं, निवडणुकांवर लिहिलं, पुढे वाहिन्या आल्या तशी पडद्यावर खुर्ची मिळाली. ती खुर्ची मिळाली याचं कारण एकच होतं, प्राध्यापक कुणाचेच नव्हते. पहिला लेख छापून आला तेव्हाच त्यांनी नेम केला होता की पुढाऱ्याच्या घरची पायरी चढायची नाही, त्याच्याकडचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. हा नेम त्यांनी असा पाळला की सगळ्या पक्षांचे लोक त्यांना शिव्या घालत आणि सगळ्या पक्षांचे लोक त्यांचं ऐकत.

पण नेम एका जागी थांबला नाही. आधी पुढारी सुटले, मग त्यांचे जावई आणि मेहुणे, मग ज्यांचं पुढाऱ्याकडे काही काम अडलंय असे शेजारी. होता होता चहाला बोलावणारं कुणी उरलं नाही.

भाचीच्या लग्नानंतर आठवड्याभरात वाहिनीतल्या एका मुलीचा फोन आला. एक जुने मंत्री आता फार दिवस काढत नाहीत असं कळलं होतं, तेव्हा श्रद्धांजली आधीच करून ठेवायची होती. या धंद्यात तशी रीतच आहे. मोठा माणूस अंथरुणाला खिळला की त्याच्यावर बोलून ठेवायचं, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको. प्राध्यापकांनी अशा कितीतरी श्रद्धांजल्या वाहून ठेवल्या होत्या. त्यांतले दोघे अजून ठणठणीत होते, आणि एकाशी तर गेल्याच महिन्यात चर्चेत त्यांचं कडाक्याचं वाजलं होतं.

पण हे जुने मंत्री म्हणजे टिल्ल्या. कॉलेजात दोघे एका खोलीत राहत. तो बुटका, म्हणून टिल्ल्या. तो राजकारणात पडला आणि नेमाच्या पलीकडे गेला. त्याची बायको वारली ते प्राध्यापकांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं.

स्टुडिओत त्यांनी टिल्ल्याची कारकीर्द नेहमीसारखी सांगितली, दोन बऱ्या गोष्टी आणि दोन वाईट. मग मुलगी म्हणाली, "सर, एखादी वैयक्तिक आठवण?" या प्रश्नाला ते कायम नकार देत. त्या दिवशी कसं कोण जाणे, बोलून गेले. तरुणपणी त्यांची जीभ अडखळायची, वर्गात स्वतःचं नाव सांगताना घाम फुटायचा. टिल्ल्या त्यांना रोज सकाळी मैदानावर नेई. स्वतः पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राही, यांना मोठ्याने बोलायला लावी आणि ऐकू आलं नाही की हात वर करी. वर्षभर हे चाललं. आज लोक जो आवाज ऐकतात तो त्याने मिळवून दिलेला आहे, असं प्राध्यापक म्हणाले आणि थांबले.

माईक काढताना मुलीने विचारलं, "त्यांच्याकडे नेहमी जाणं असेल ना तुमचं?"

"एकदाही गेलो नाही," प्राध्यापक म्हणाले. तिला ती थट्टा वाटली.

बाहेर येऊन त्यांनी घरची बस सोडली आणि रस्ता ओलांडून उलट्या दिशेची पकडली.

टिल्ल्याच्या दिवाणखान्यात भिंतीला लागून खुर्च्यांची लांबच लांब रांग होती आणि सगळ्या रिकाम्या होत्या. सत्ता गेल्यावर माणसंही पांगली होती. सुनेने दार उघडलं, टीव्हीवरचा चेहरा ओळखला. "काका, पाणी विचारू की नको? तुम्ही आमच्याकडचं घेत नाही, असं बाबा सांगतात."

"चहाच कर," प्राध्यापक म्हणाले.

टिल्ल्या उशांना टेकून बसला होता. होता त्याहून निम्मा झाला होता. त्याने प्राध्यापकांना खालून वर न्याहाळलं. "माझ्यावर बोलून आलास ना? कानामागे पावडर राहिलीय अजून. काय बोललास?"

प्राध्यापकांनी आढेवेढे घेतले. मग मैदानाचं सांगितलं, हात वर करायचं सांगितलं. टिल्ल्या डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "कुठलं मैदान रे?"

त्याला खरोखरच आठवत नव्हतं. प्राध्यापकांनी कप बशीत ठेवला.

"मला एकच आठवतंय," टिल्ल्या म्हणाला. "माझं पहिलं भाषण तू लिहून दिलं होतंस. लोकांनी काय टाळ्या वाजवल्या. कुणालाही सांगितलं नाही मी, हिलासुद्धा नाही. म्हटलं, बाहेर कळलं तर मास्तरला कोण विचारणार? ही गेली तेव्हा पोरं तुला कळवायला निघाली होती. मीच नको म्हणालो. तू आला असतास आणि कुणीतरी फोटो काढला असता."

"आलो असतो की नाही, कुणास ठाऊक."

"आला असतास," टिल्ल्या म्हणाला. "म्हणून तर कळवलं नाही."

इतकी वर्षं प्राध्यापकांना वाटत होतं की नेम आपण एकटेच पाळतोय.

त्यानंतर ते दर गुरुवारी जाऊ लागले. फार बोलणं होत नसे. टिल्ल्याला डुलकी लागे, प्राध्यापक पेपर वाचत बसत, सून न विचारता चहा आणून ठेवी. निवडणूक तोंडावर आली तेव्हा कुणीतरी खिडकीतून फोटो काढलाच. निःपक्ष प्राध्यापक मंत्र्याचा चहा पिताना, अशा ओळीखाली तो फोनाफोनांवर फिरला.

वाहिनीतल्या मुलीचा फोन आला. बिचारी अवघडली होती. वरचे लोक म्हणत होते की निकालाच्या दिवशी सरांना बसवायचं तर आधी खुलासा हवा. "सर, एवढंच म्हणा की तब्येत विचारायला एकदा गेला होतात. माणुसकी म्हणून. बाकी मी बघते."

आयुष्यभराची खुर्ची त्या एका वाक्यावर होती, हे प्राध्यापकांना कळत होतं. ते वाक्य बोलायला सोपं होतं आणि अर्धं खरंही होतं.

"मी दर गुरुवारी जातो," ते म्हणाले. "आमची जुनी ओळख आहे. त्याचं पहिलं भाषण मी लिहिलंय, तेही सांग त्यांना."

मुलगी म्हणाली, "काळजी घ्या, सर."

निकालाच्या दिवशी प्राध्यापक सकाळीच टिल्ल्याकडे गेले. खोलीत टीव्ही लावला होता. पडद्यावर प्राध्यापकांच्या खुर्चीत त्यांचाच एक जुना विद्यार्थी बसला होता, हातवारे करून बोलत होता. टिल्ल्या म्हणाला, "बंद कर त्याचा आवाज. आकडे दिसू देत. तू सांग."

मग प्राध्यापक सांगू लागले. कुठला भाग कसा झुकतोय, तरुण पोरं कुठे गेली, बायकांनी या वेळी घरच्यांना न विचारता मत कसं दिलंय. दुपार व्हायच्या आत टिल्ल्याला झोप लागली. त्यांनी पांघरूण नीट केलं आणि आवाज थोडा खाली आणून पुढचं सांगत राहिले, शेवटच्या जागेचा निकाल लागेपर्यंत.

टिल्ल्या त्याच महिन्याच्या अखेरीस, एका सोमवारी पहाटे गेला. प्राध्यापक त्यानंतर तिसऱ्या वर्षी थंडीत, घरी झोपेत गेले. बहिणीचा फोन दोन दिवस कुणी उचलला नाही, तेव्हा ते कळलं.