चारशे दहा ग्रॅमची सॅक

लोणखेड्याची काजल चार वर्षांपासून डोंगर चढणाऱ्यांसाठी हलक्या सॅक बनवत होती. कापड पातळ, शिवण एकेरी, पट्टे अरुंद. साडेचार किलोंच्या वर भरू नका, असं ती प्रत्येकाला बजावून सांगायची. निनाद परचुरे हा पुण्याचा माणूस हलक्या भटकंतीचे व्हिडिओ करायचा, लाखभर लोक ते बघायचे. तो तिची नवी, चारशे दहा ग्रॅमची सॅक घेऊन तोरणमाळला निघाला तेव्हा तीही सोबत गेली.

पायथ्याला त्याने कॅमेऱ्यासमोर एकेक वस्तू तोलली. टूथब्रशची दांडी कापलेली, शर्टाची लेबलंसुद्धा उसवलेली.

"सगळं मिळून चार किलो तीनशे," तो म्हणाला. "माणसाला याहून जास्त लागतच नाही."

मग कॅमेरा बंद झाला आणि गाडीतून दुसरं गाठोडं उतरलं. ड्रोन, बॅटऱ्या, घडीची खुर्ची, डबाबंद जेवण, दोन जाड रजया. हे सगळं वाहायला वरच्या पाड्यावरचा नवलसिंग आला होता. पन्नाशीचा, पायात झिजलेली चप्पल. त्याने गाठोडं दोरीने पाठीला बांधलं आणि चालू लागला.

"दादा, तुम्ही जरा मागे राहा," निनाद दर वळणावर ओरडायचा. "फ्रेममध्ये येताय."

काजलला त्याची किळस आली. दुपारी नवलसिंग सावलीत टेकला तेव्हा ती त्याच्याजवळ गेली.

"जड आहे ना हो, दादा?"

"जड आहे. पण तो बोलतो किती! ते जास्त जड आहे." नवलसिंग हसलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सीताखाईच्या कडेला निनाद रिकाम्या हातांनी उभा राहून कॅमेऱ्याला सांगत होता, "ओझं टाकून द्या. डोंगर आपोआप तुमचा होतो." मागे नवलसिंग झुडपाआड दडून बसला होता, निनादने त्याला तसं सांगितलं होतं म्हणून.

"हाऊ काय डोंगर चढी ऱ्हायना," काजल आपल्या अहिराणीत पुटपुटली, "हाऊ दुसराना पाठवर बशी ऱ्हायना." डोंगर कसला चढतोय, हा तर दुसऱ्याच्या पाठीवर बसलाय.

ती उठली, गाठोडं सोडलं आणि ड्रोन, बॅटऱ्या, खुर्ची निनादच्या सॅकमध्ये कोंबली.

"हे काय करतेस?"

"तुमचं सामान तुम्हाला देतेय. चला."

लाजेपोटी तो निघाला. शंभर पावलांवर डाव्या पट्ट्याची शिवण टरकली आणि खुर्ची दगडांवर आदळली.

"फाटली! बघ, फाटली तुझी सॅक!" त्याचा चेहरा उजळला होता. "हेच दाखवणार मी."

"दाखवा. आत काय काय होतं तेही दाखवा."

व्हिडिओत ते त्याने दाखवलं नाही. फाटलेली शिवण मात्र तीन वेळा मोठी करून दाखवली. त्या आठवड्यात अकरा ऑर्डरी रद्द झाल्या. काजलला त्याचा राग कमीच आला. जास्त राग आला तो स्वतःचा. असल्या लोकांसाठी ती चार वर्षं ग्रॅम-ग्रॅम मोजत बसली होती.

सॅक ती अजून शिवते. पण ऑर्डर घ्यायच्या आधी फोनवर एक प्रश्न विचारते, "तुमचं बाकीचं सामान कोण उचलतं?"

काहीजण तिथेच फोन ठेवतात.