काचेच्या खोलीत फुगलेली फळी

मी एक फळी बोलतेय. तुम्ही ज्याला लाकडी फ्लोअरिंग म्हणता ना, त्यातली. सध्या गॅरेजमध्ये, गाडीच्या चाकाशेजारी पडून आहे. कोपरे फुगलेत, पाठीला बाक आलाय. आजवर गप्प राहिले, पण आता बोलणारच. कारण या घराचा मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलाय, "माल भिकार निघाला हो!"

भिकार? मी?

माझं कूळ मोठं नाही, हे मान्य. लाकडाचा भुसा दाबून माझं अंग घडवलं आणि वर सागाच्या रेषांचा कागद चिकटवला. पण कारखान्यातून निघाले तेव्हा मी सरळसोट होते. माझी कड बहिणीच्या खाचेत बसली की 'टक्' असा आवाज यायचा आणि आम्ही दोघी एकजीव व्हायचो. मध्ये नखसुद्धा शिरायचं नाही.

दुकानात मला पसंत करायला नवरा-बायको आले, बरोबर नवऱ्याचे वडील. त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला नवी खोली बांधून झाली होती. तिन्ही बाजूंना काच, डोक्यावरही काच. आई गेल्यावर बाबा मुलाकडे राहायला आले, ते कपड्यांची एक पिशवी आणि टेम्पोभर कुंड्या घेऊन. त्या कुंड्यांसाठी, म्हणजे बाबांसाठीच, ही खोली बांधली होती. आता फक्त जमीन तेवढी राहिली होती.

बाबांना दाराजवळच्या खुर्चीत बसवलं आणि दोघं आमच्यापुढे येऊन वाद घालायला लागले.

"अहो, खरखरीत टाइल घ्या," सून म्हणाली. "झाडांना पाणी घालायचं म्हणजे सांडणार. बाबा घसरले म्हणजे?"

"टाइल? बाथरूम आहे का ती?" मुलगा म्हणाला. "साहेबांच्या घरी बघितलंस ना, कसं लाकडी आहे! पाय ठेवला की उबदार वाटतं."

दुकानदाराने मला उचलून उजेडात धरलं. "वहिनी, निर्धास्त राहा. वॉटरप्रूफ आहे."

"आणि पाणी सांडलंच तर?"

"सांडलं तर लगेच पुसून घ्यायचं."

मला तिथेच किंचाळावंसं वाटलं. वॉटरप्रूफ वस्तू लगेच कशाला पुसावी लागते, हे त्या दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटू नये? ते माझा रंग पडद्यांशी जुळतो का, ते बघत होते. खुर्चीतून बाबा म्हणाले, "कुंड्यांखाली काय..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही काही काळजी करू नका." आणि बाबांनी खरंच तोंड मिटलं.

मग मिस्त्री आला. त्याला त्याच दिवशी आणखी एका घरी जायचं होतं. खरं म्हणजे आम्हाला आधी खोलीत नुसतं ठेवायचं असतं, तिथली हवा अंगवळणी पडावी म्हणून. खालचा कोबा पुरता वाळलेला असावा लागतो. भिंतीपाशी बोटभर फट सोडायची असते, म्हणजे तापल्यावर आम्हाला हातपाय पसरता येतात. यातलं काहीही झालं नाही. कोबा ओलसर होता, त्यावर हात ठेवून बघायलाही कुणाला सवड नव्हती. फट बघून मुलगा म्हणाला, "हे काय, उंदरांसाठी वाट ठेवताय का?"

"नको तर नको. दाबून बसवतो," मिस्त्री म्हणाला, आणि त्याने हातोडा उचलला.

पहिले काही दिवस माझं काय कौतुक झालं! फोटो निघाले, पाहुणे वाकून हात फिरवून गेले. मग ऊन तापायला लागलं. काचेखाली ऊन कसं तापतं ते काचेखाली झोपल्याशिवाय कळायचं नाही. वरून भट्टी, खालून ओल. आम्ही सगळ्या बहिणी पसरायला लागलो. पसरणार कुठे? पुढे भिंत, मागे भिंत. शेवटी खोलीच्या मधोमध आम्ही उचलल्या गेलो आणि उंटाची पाठ तयार झाली.

मुलगा त्यावर चढून उभा राहिला. इकडे बसलं, तर तिकडे उठलं. तिकडे पाय दिला, तर आणखी पलीकडे उठलं. शेवटी त्याने चपलांचं कपाट ओढून आणून माझ्या छातीवर ठेवलं आणि म्हणाला, "बसेल हळूहळू."

आणि बाबांना नियम लागले. कुंडी जमिनीवर ठेवायची नाही. झारी आणायची नाही. आत येताना पाय पुसायचे, काठी टेकवायची नाही, चरे पडतात. मग बाबा काठी काखेत धरून, उंटाची पाठ चुकवत, चहाच्या कपाने झाडांना पाणी घालायचे. थेंब पडला तर खिशातल्या रुमालाने पुसायचे. लिंबाचं झाड मोठं होतं, त्याला कपाने काय होणार? त्याची पानं गळून माझ्यावर पडायला लागली. मी चिडायचे, पण कुणावर चिडू? ज्याला पाणी हवं त्याच्यावर, की मला सोसत नाही म्हणून माझ्यावरच?

एका दुपारी घरात कुणी नसताना बाबांनी बादली आणली. लिंबाला पोटभर पाणी पाजलं. कुंडीच्या तळातून पाणी निघालं आणि सांध्यासांध्यातून माझ्या अंगात शिरलं. संध्याकाळपर्यंत माझे कोपरे भिजल्या पावासारखे टरारले होते.

"बाबा, किती वेळा सांगायचं तुम्हाला!" मुलगा ओरडला.

"झाडाला पाणी घातलं रे. पाणी न सोसणारी जमीन मी जन्मात पाहिली नाही."

"लाकूड आहे ते!"

"लाकूड असतं तर मी त्याला कुंडीत लावलं असतं," बाबा म्हणाले आणि त्यांच्या खोलीत निघून गेले.

सुनेने फडकं टाकून माझं पाणी टिपलं. टिपता टिपताच म्हणाली, "खोली कुणासाठी बांधली, ते एकदा ठरवा. म्हणजे मला कळेल, कुणाच्या मागे फडकं घेऊन पळायचं."

मुलाला तेही पटलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो गोंदाची नळी घेऊन माझ्यापुढे गुडघे टेकून बसला आणि माझा फुगलेला कोपरा अंगठ्याने दाबायला लागला. तेवढ्यात दारात सावली पडली. बाबा उंबऱ्याबाहेर उभे होते. एका हातात चपला, दुसऱ्या हातात तो कप.

"येऊ का आत?" त्यांनी विचारलं. "पाय पुसलेत मी."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. परक्याच्या घरी विचारतात, तसं त्यांनी विचारलं होतं. मुलाचा अंगठा माझ्या कोपऱ्यावर तसाच राहिला. मग त्याने गोंदाच्या नळीचं झाकण लावलं.

"विचारता काय बाबा," तो म्हणाला. तो उठला, चपलांचं कपाट बाहेर ओढून काढलं, पहार आणली आणि भिंतीकडच्या फळीपासून आम्हाला उपटायला सुरुवात केली. सून धावत आली. तिने बघितलं, आणि उपटलेल्या फळ्या उचलायला लागली. बाबा म्हणत होते, "अरे, राहू दे की, चांगली आहे ती." माझ्या बाजूने बोललेला या घरातला तो पहिला माणूस, आणि तोही माझी वेळ संपल्यावर!

आता तिथे खरखरीत टाइल आहे. पाण्याला वाट काढून दिली आहे. बाबा झारी घेऊन, काठी आपटत हिंडतात. छान झालं, मला त्याचा राग नाही.

राग वेगळाच आहे. आमचा एक खोका न उघडता उरला होता. त्यातल्या बहिणी वरच्या मजल्यावर, सुनेच्या शिवणकामाच्या खोलीत बसवल्या. तिथे ऊन तिरपं येतं, पाणी येत नाही, आणि या वेळी भिंतीपाशी फट सोडली. बघायला आलेल्या शेजारणीने विचारलं, "किती सुंदर! कुठून आणलीत?" मालकाने अभिमानाने दुकानाचं नाव सांगितलं. मग तिला गॅरेजमधून बाहेर सोडताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा मात्र माल भिकार निघाला."

अहो, खोका वेगळा होता, माल तोच होता! एवढं एक वाक्य कुणीतरी त्यांना सांगा. माझं त्यांना ऐकू जात नाही.