पायमशीन आणि तिसरा मजला

या बायांनो, जवळ सरका, गोष्ट ऐका. एका शिंपीणबाईची बाळंतीण लेक तिसऱ्या मजल्यावर राहायची. नातीला पाहायला निघालेल्या बाईंना पहिल्याच मजल्यावर धाप लागून परतावं लागलं. सुनेने वाटाण्याच्या प्रथिनांची पूड आणली. बाई ती नेमाने पीत, पण फिरायला जा म्हटलं की फणकारत, "दिवसभर पायमशीन चालवते ना मी!"

सून म्हणाली, "आई, चालते ती मशीन. तुम्ही बसलेल्याच! पुडीने अंगात बळ येईल, पण दम चालूनच वाढेल."

बाई रागावल्या, पण चपला घातल्या. मग रोज पूड पिऊन दोघी झपझप चालू लागल्या. अखेर एका सकाळी बाईंनी तिसरा मजला गाठला आणि नातीला उराशी धरलं. दम देवाने दिला, पण बायांनो, सोबत चालणाऱ्या त्या सुनेची आठवण ठेवा.