थोरा अम्माचं वाफेचं यंत्र

"बूट काढ आणि आधी वर ये. तळघर कुठे पळून जात नाही," थोरा अम्मा दारातच म्हणाली.

तीन आठवड्यांपूर्वी मीच तिच्याकडे घरातली कोरडी हवा ओलसर करणारं वाफेचं यंत्र बसवलं होतं, आणि आता ते बिघडलं म्हणून तिचा फोन आला होता. तीस वर्षं मी आमच्या गिमली गावातल्या तळघरांत हेच काम करतोय. यंत्र क्वचित बिघडतं, आधी सुटतो तो माणसांचा धीर. म्हणून बसवतानाच मी प्रत्येकाला सांगतो, की पहिले आठ-दहा दिवस घरच पाणी पिणार. लाकूड, भिंती, गाद्या, सगळं पिणार आणि ओलाव्याचा आकडा हलणार नाही. तळघरात गुळगुळ वाजेल, घाबरायचं नाही. आणि बाहेर थंडी वाढली की आतला ओलावा कमी करायचा, नाहीतर काचांवर आतून बर्फ धरतो.

हे शेवटचं मी अम्माला सांगितलंच नव्हतं. वाल्दी, तिचा नवरा, फुप्फुसं कामातून गेलेला. नळीतून येणाऱ्या कोरड्या ऑक्सिजनने त्याचा घोळणा रोज फुटायचा. "आता रक्त नाही ना येणार?" असं तिने विचारलं, मी 'नाही' म्हणालो आणि पुढे काही बोलायची हिंमत झाली नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

वाल्दीची खाट बाहेरच्या खोलीत, तळ्याकडच्या खिडकीला लावलेली. साठ हिवाळे त्याने त्या गोठलेल्या तळ्यात बर्फाखाली मासेमारीची जाळी टाकली. आता त्याचा जोडीदार सिगी एकटाच जायचा. सकाळी आठला, अंधारातच, बर्फावर ट्रक थांबवून तो दिवे दोनदा मिचकवायचा आणि वाल्दी उशाचा दिवा दोनदा लावून उत्तर द्यायचा. म्हणजे, मी आजही आहे.

चार दिवस उत्तर गेलं नव्हतं. काचेवर आतून अंगठाभर बर्फ होता, चौकटीत कोंबलेली फडकी लाकडाला चिकटली होती. भिंतीवरचं ओलाव्याचं बटण पंचेचाळीसवर आणि बाहेर उणे छत्तीस. आकडा हलेना म्हणून अम्मानेच ते वर नेलं होतं. पण त्या ओलाव्याने आठ दिवस वाल्दीच्या नाकातून रक्ताचा थेंब आला नव्हता. रात्री तो झोपतही होता.

यंत्र ठीक आहे, मी सांगितलं. वीसवर आणलं तर दोन-तीन दिवसांत काच मोकळी होईल. पण घोळणा पुन्हा फुटणार.

"मग राहू दे तसंच," अम्मा म्हणाली. "काच काय चाटायचीय?"

वाल्दीने नळी जरा बाजूला केली आणि माझ्याकडे बघितलं. "ओरेस्ट, किती दिवस उरलेत ते मला माहितीय. पांढऱ्या भिंतीकडे बघत श्वास मोजायला मी काय तळघरातला बटाटा आहे? खाली आण ते."

अम्मा उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता. परत आली तेव्हा तिने एवढंच विचारलं, रक्त किती येईल. पहिल्याइतकंच, मी म्हणालो. या वेळी खोटं बोललो नाही.

"रुमाल आहेत घरात," ती म्हणाली.

माझा हात बटणाकडे जाईना. तिनेच चष्मा लावला, बटण फिरवलं आणि वीस बरोबर आलंय का ते मला बघायला लावलं.

चौथ्या सकाळी दिवा दिसला, असं सिगीने मला पेट्रोलपंपावर सांगितलं. त्यानंतर अकरा सकाळी उत्तर आलं.

एप्रिलमध्ये मी यंत्राचं भांडं बदलायला गेलो. आत पांढरा क्षार साचला होता, नेहमीसारखाच. वर आलो तर बटण वीसवरच होतं. खाट गेली होती. टेबलावर धुऊन इस्त्री केलेल्या रुमालांची चवड होती, प्रत्येकावर न निघालेले तपकिरी डाग. आता यंत्र बंद करायचं ना, मी विचारलं. कर, असं अम्मा माझ्याकडे न बघताच म्हणाली. त्यातलाच एक रुमाल घेऊन ती खिडकीची काच पुसत होती. काच स्वच्छच होती.